दुधाची पाळी

मु. बेळवाडी, अणदूरजवळ
श्रावण शुद्ध पंचमी, शके १८६४

वीरप्पा वस्तादांस,

साष्टांग घालायला गुडघा वाकत न्हाय, म्हणून उभ्याउभ्याच शरणार्थ घ्या.

तुमी सोलापुरात गिरणीच्या फाटकावर राखणदार झालात, असं लिंबाजी गाडीवानानं सांगितलं. आधी खरंच वाटंना. ज्या माणसापुढं अख्खी तालीम चळचळा कापायची, तो आता सायबाच्या मोटारीला सलाम ठोकतो म्हणं! असू द्या, पोट कुणाला चुकलंय. पण जाताना तुमच्या मालकिणीला, शांतव्वांनाबी धड सांगून गेला न्हाईत, ही काय रीत झाली? त्या इथंच हायेत. तुमचं नाव कुणी काढलं की आत निघून जातात.

आता कामाचं सांगतो. गावानं माझी दुधाची पाळी बंद केली.

मी पहिल्यांदा लंगोट लावला तेव्हा मारुतीपुढं तुमी काय म्हणला व्हतात, ते याद हाय का? मला तर शब्द न् शब्द पाठ हाय. "गुरुलिंगा, आजपासनं तुझं अंग गावाचं. गाव सांगंल त्याच्याशी लढायचं, मागं सरायचं न्हाय. आन गावासाठी लढताना अंग मोडलं, तर रोज एका घरचं दूध तुझ्या दारी यील, तू परत उभा राहीस्तोवर. न्हाय राहिलास, तर मरंस्तोवर." त्या शब्दावर म्या अंग दिलं. नुसत्या टाळ्या खायला कोण मातीत लोळतंय?

चैत्राच्या जत्रेनंतर दूध येत व्हतं, न्हाय म्हणत न्हाय. चार दिवसांत बरा हुईल म्हणून सगळे खुशीनं देत व्हते. पण आषाढ सरला तरी पाय वाकंना. हे आता जन्माचं झालं असं दिसल्यावर धोंडप्पा पाटलाचं डोकं चालायला लागलं. देवळात माणसं जमवून म्हणतो, "हा तर आखाड्यातनं ताठ चालत गेला. सिद्धेश्वराच्या पायऱ्या चढला. साऱ्या जत्रेनं बघितलं. मोडल्या पायानं कुणी पायऱ्या चढतं व्हय? मागनं कुठंतरी मोटंवर घसरला असंल, आन आता गावाच्या गळ्यात पडतोय."

झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. ज्याच्या घरात दोन म्हशी, त्यानं जरा जास्तच हलवली.

वस्ताद, तो आवाज तुमी ऐकलाय. त्या मंगळवेढ्याच्या पैलवानाला म्या ढाकेचा डाव लावला, पाय मातीत रुतला, अंग फिरलं आन गुडघा तिथंच राहिला. वाळलं फाटं मोडावं तसा आवाज झाला. ढोल-हलगीच्या दणक्यात दुसऱ्या कुणाला कळलं न्हाय, पण तुमी कडेलाच उकिडवे बसला व्हतात. तो चितपट झाला, लोकांनी फेटे उडवले, आन तुमी माझ्या कानाशी आलात. म्हणालात, "पाय ओढू नको. पाहुण्यांनी बघितलं तर गावोगाव सांगत फिरतील, बेळवाडीचा पैलवान लंगडा करून आलो म्हणून. ताठ चाल."

आन मी चाललो! मीबी काय कमी शहाणा व्हतो? फेटा बांधून घेतला, मिशीवर हात फिरवला, एकेक पायरी चढलो. डोळ्यापुढं काजवे चमकत व्हते आन बायका ओवाळत व्हत्या. गावाची इज्जत राखायला चाललो, त्याच चालण्याची गवाही आज गाव माझ्याविरुद्ध काढतंय. ह्याला काय म्हणावं!

तुमी फक्त या. देवळात चार माणसांपुढं म्हणा, आवाज ऐकला. एवढंच. पुढचं, तुमच्या घरातलं, म्या कुणापुढं काढलं न्हाय. माझ्या बायकोला, महादेवीलाबी सांगितलं न्हाय. काढणारबी न्हाय.

गुरुलिंग


भाद्रपद वद्य द्वितीया, शके १८६४

वस्तादांस शरणार्थ.

तुमचा कागद पोचला. उत्तर आलं म्हणून महादेवीनं देवापुढं खडीसाखर ठेवली. वाचून दाखवलं तशी तिनं ती उचलून परत डब्यात टाकली.

तुमी लिवता, इकडं ये, तुला फाटकावर स्टूल मिळवून देतो. लिवता, हितं गिरणीत विमा असतो, यंत्रात बोट गेलं तर बोटाची भरपाई, हात गेला तर हाताची. निजामाच्या मोगलाईतल्या खेड्यात असलं काय मिळणार, तिथं डोकं आपटून काय फायदा.

वस्ताद, रागवू नका, पण सोलापूरचं पाणी तुमाला बाधलं. विमा म्हणजे तरी काय हो? सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं, आन ज्याच्यावर पाळी आली त्याला सांभाळायचं. हेच ना? मंग आमच्या पणज्यांनी दुसरं काय केलं व्हतं? त्यांना विमा हा शब्द ठाव नव्हता, पण गोष्ट ठाव व्हती. तुमच्या कंपनीचा सायब भरपाई देताना "घे बाबा, दया आली" असं म्हणतो का? न्हाय ना? मंग माझ्यावरच का दया?

दयेचं सांगतो, ऐका. गौरी जेवल्या त्या दिवशी पाटलाचा गडी तांब्या घेऊन दारात आला. मलईचं दूध. म्हणला, "पाटलांनी दिलंय. सणासुदीचा धर्म म्हणून." म्या विचारलं, "पाळी म्हणून न्हाय?" तो म्हणला, "पाळी बंद झाली की. पण तुमाला रोज असंच धाडू म्हणलेत. तेवढं देवळात येऊन एकदा सांगा, पाय मोटंवर मोडला असं."

म्या तांब्या परत धाडला. उपडा करून न्हाय, तसाच भरलेला. दुधावर माझा राग न्हाय.

गडी गेल्यावर महादेवीनं माझी जी हजामत केली, ती सारी लिवत न्हाय, लिंबाजीबी कधीमधी कागद वाचतो. ती दुसऱ्यांची दळणं दळती, हाताला घट्टे पडलेत. म्हणली, "हक्क हक्क करून चघळत बसा, त्यानं पोट भरलं तर मलाबी द्या थोडा." म्या म्हणलं, "आज धर्माचं दूध प्यालो, तर उद्या कुणाचं हाड मोडलं की त्याच्याबी दारात धर्मच यील. आन धर्म म्हणजे पाटलाची मर्जी. खुश असला तर दूध, नसला तर लाथ." ती जात्याचा खुंटा ठोकत बसली. मंग म्हणली, "तांब्या तरी ठेवून घ्यायचा!" आन आमी दोघंबी हसलो.

पाटलाचं दुसरं एक तुणतुणं हाय. म्हणतो, "दोन हात तर शाबूत हायेत? माझ्या दुकानात तराजू धरून बस. बसून खाणारा माणूस अपंग कसला?" म्या भर चावडीत विचारलं, "पाटील, तराजू धरायला गावानं मला इतकी वर्सं दूध-तूप चारलं व्हतं का? मी पैलवान हाय. ज्या कामासाठी अंग घडवलं, ते काम गेलं. दुसरं काम जमतंय म्हणून हे गेलंच न्हाय, असं कसं?" लोक हसले. आन पाटलाच्या मागनं निघून गेले.

तुमचं स्टूल तुमाला लखलाभ. मी गाव सोडणार न्हाय. या.

गुरुलिंग


कार्तिक वद्य, तिथी ध्यानात न्हाय

वस्ताद,

तुमचं उत्तर न्हाय. लिंबाजी म्हणला, कागद हातात दिला तर तुमी न वाचताच खिशात घातला, आन "गिरणीचा भोंगा झाला" म्हणून आत गेलात.

तुमी मला शिकवलं व्हतं, समोरच्याच्या डोळ्यात बघून हात द्यायचा. खिशात घालायचं कधी शिकवलं न्हाय.

गुरुलिंग


माघ शुद्ध दशमी, शके १८६४

वस्तादांस,

लढाईमुळं रॉकेल मिळंना, म्हणून दिवसाउजेडी बसून लिवतो. सारं लिवतो आज. मनात ठेवून ठेवून जीव आंबायला लागलाय.

जत्रेच्या त्या दिवशी, दिवेलागणीला, तुमी आन तालमीतल्या बब्रुवाननं मला धरून तुमच्या घरात नेलं. बब्रुवानला तुमी दारातनंच परत लावला. गुडघा टम्म फुगला व्हता. तुमी म्हणालात, वाटी सरकलीय, बसवून देतो. शांतव्वांनी दिवा धरला. म्या म्हणलं, "वस्ताद, राहू द्या, नळदुर्गाला डॉक्टर हाय." तुमी म्हणालात, "माझ्या पठ्ठ्याच्या अंगाला डॉक्टर हात लावणार? मी मेलो का?" आन तुमी पाय ओढला.

त्यानंतरचं मला आठवत न्हाय. शुद्धीवर आलो तेव्हा तुमी भिंतीकडं तोंड करून बसला व्हतात.

तुमाला वाटतं, मी तुमाला दोष देतो. देतो की! का न्हाय देणार? राग येतो, लई येतो. उकिडवं बसता येत न्हाय तेव्हा येतो, मारुतीपुढं वाकता येत न्हाय तेव्हा येतो. पण तुमच्या हातानं याआधी किती हाडं बसवली, हेबी म्या बघितलंय. एकदा हात चुकला. म्हणून तुमी चूक कबूल करायची सोडून गावच सोडलंत. तिथं खरा राग हाय माझा. पाटलाला काय, तुमचं मौन आयतंच मिळालं. "वस्ताद का बोलत न्हाय?" म्हणतो. "कारण बोलण्याजोगं कायच न्हाय."

आता माझ्या एकट्याचं राहिलं न्हाय हे. औंदाच्या जत्रेत शेवटची कुस्ती बब्रुवानची लावलीय. परवा तो आला. एवढा दांडगा गडी, पण चेहरा पडलेला. म्हणला, "अण्णा, लंगोट लावू का नको? घरात म्हातारी हाय, दोन लेकरं हायेत. मोडलो तर मलाबी मोटंवर घसरलाच म्हणतील." काय सांगू त्याला? तुमी असता तर काय सांगितलं असतं?

म्या माझं ठरवलंय. धोंडप्पा म्हणतो ना, आखाड्यात मला कायबी झालं न्हाय? गावाचा तसा फैसलाच हाय ना? मंग झालं तर! धडधाकट पैलवानानं जत्रेत उतरायला पाहिजे. मी लंगोट लावून आखाड्यात जाणार, आन पाटलाला म्हणणार, लाव माझी कुस्ती.

महादेवी म्हणली, "डोकं फिरलं तुमचं." मंग पेटीतनं लंगोट काढला आन धुवून वाळत घातला.

तुमी आलात तर ह्या सगळ्याची गरज पडणार न्हाय. न्हाय आलात तरी मी जाणार. हा कागद खिशात घालू नका.

गुरुलिंग


चैत्र वद्य तृतीया, शके १८६५

वस्तादांस शरणार्थ.

तुमी आला न्हाईत. गर्दीत एकेक फेटा बघितला म्या.

ऐका मंग. परांड्यापासनं माणूस आला व्हता. बारक्यांच्या कुस्त्या झाल्या, हलगी तापली, आन पाटलानं शेवटची कुस्ती पुकारली. तेवढ्यात मी काठी टेकत आत गेलो. काठी बाहेर फेकली. अंगात नुसता लंगोट. मोडका पाय वाळून दुसऱ्याच्या निम्मा झालाय. काहीजण हसले, मंग हसणारेबी थांबले.

म्या म्हणलं, "पाटील, माझा पाय आखाड्यात मोडला न्हाय, मला काय झालेलं न्हाय, असा तुमचा फैसला हाय. मंग माझी कुस्ती लावा."

पाटील लालबुंद झाला. "पाहुण्यांपुढं तमाशा करतोस? चल हो बाहेर!"

"कसा हुईन? लढल्याबगर आखाड्यातनं बाहेर पडायची ह्या गावाची रीत न्हाय."

पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, काय भानगड हाय म्हणून. पाटलाला ते सहन हुईना. बब्रुवानला ओरडून म्हणला, "लाग रे ह्याच्या अंगाला! पाड आन काढ बाहेर!"

बब्रुवान आत आला. वाकून मूठभर माती उचलली. ती माझ्या अंगावर टाकली की कुस्ती लागली. त्यानं नुसता हात लावला असता तरी मी पडलो असतो, आन पडलो असतो तर सगळंच पडलं असतं. त्यानं माती माझ्या अंगावर टाकली न्हाय. परत खाली ठेवली. म्हणला, "पाटील, आधी अण्णाची पाळी चालू करा. तवर मी कुस्ती धरत न्हाय." त्याच्यामागं तालमीचे बाकीचे पोरगे उठले आन अंगरखे घालायला लागले. मंगळवेढ्याचा तो मागच्या साली माझ्याखाली आलेला पैलवानबी पाहुण्यांत बसला व्हता. तोबी उठून उभा राहिला.

पण पाटील काय कच्चा न्हाय. म्हणला, "पाळी गावाची हाय, कुणाच्या रुसव्यानं चालू व्हत न्हाय. गवाही आणा! ह्याचा पाय आखाड्यात मोडला हे कोण सांगतंय? वीरप्पा? तो तर तोंड लपवून पळाला!"

तुमचं नाव असं भर जत्रेत घेतलं, पण तुमच्या घरातलं काढायचं न्हाय, असा मी तुमाला शब्द दिला व्हता.

तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवरनं शांतव्वा उतरल्या.

व्हय. तुमच्या शांतव्वा. बायकांनी आखाड्याकडं फिरकायचं न्हाय असली रीत. त्या डोईवरचा पदर पुढं ओढून मातीच्या कडेपर्यंत आल्या. मातीत पाय ठेवला न्हाय. आवाज शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

"त्या दिवशी दिवेलागणीला ह्याला माझ्या घरात आणला," त्या म्हणल्या. "गुडघा टम्म फुगला व्हता. माझ्या मालकानं पाय ओढला. दिवा माझ्या हातात व्हता. मालकाचा हात चुकला आन पोरगं बेशुद्ध पडलं. ते लाजेनं गाव सोडून गेले. हे सारं खरं हाय."

पाटील लगेच म्हणला, "बघा! ऐकलंत? घरात मोडला!"

शांतव्वांनी त्याच्याकडं सरळ बघितलं. "धोंडप्पा, पाय धड असता तर माझ्या मालकानं ओढला कशाला असता?"

यप्पा! काय बोलल्या, वस्ताद!  मंग कुणीतरी मागनं ओरडलं, "बरोबर हाय!" आन सगळीकडनं तेच ऐकू यायला लागलं.

पाटलानं घाम पुसला. म्हणला, "ठीक. गाव दयाळू हाय. गुरुलिंगाला दूध..."

"दया न्हाय," म्या म्हणलं. "शब्द बदला."

"तेच ते की रे!"

"तेच ते न्हाय."

त्यानं चौफेर बघितलं. पोरं अंगरखे घालून उभीच व्हती. "पाळी," तो म्हणला. "उद्यापासनं पाळी चालू. मरंस्तोवर. ह्याची, आन इथनं पुढं जो मोडंल त्याची."

तेव्हा मी आखाड्यातनं बाहेर आलो. बब्रुवाननं त्याची कुस्ती मारली. लंगडतोय का म्हणून आमी सगळे त्याच्या पायाकडंच बघत व्हतो, तर तो नाचत आला बेटा.

पहिली पाळी पाटलाचीच लागली. सकाळी स्वतः तांब्या घेऊन आला. दूध जरा पातळ व्हतं. म्या विचारलं, "पाटील, म्हैस आजारी हाय का?"  महादेवी आत तोंडाला पदर लावून हसत व्हती. म्या ते दूध घटाघटा प्यालो. इतकं गोड दूध जन्मात प्यालो नव्हतो, पाणी घातलेलं असलं तरी.

तालमीच्या पोरांनी मला तुमच्या जागी बसवलंय. म्या नवी रीत घातलीय. आता जिंकलेला असो का हरलेला, कुणी आखाड्यातनं चालत देवळात जायचं न्हाय. आधी मातीतच बसायचं, सगळ्यांसमोर हात-पाय हलवून दाखवायचे. कुठं दुखत असंल तर मोठ्यानं ओरडून सांगायचं. बब्रुवान म्हणतो, अण्णा, पैलवानानं ओरडायचं म्हणजे लाजच की. म्या म्हणलं, ओरड लेका, तुझ्या बापाचं काय जातंय.

काल संध्याकाळी शांतव्वांकडं गेलो व्हतो. पाया पडता येत न्हाय, म्हणून त्यांचेच हात धरले. म्हणलं, "तुमी माझ्यासाठी एवढ्या लोकांपुढं उभ्या राहिल्या, हे उपकार कसे फेडू?"

त्यांनी हात सोडवून घेतले. म्हणल्या, "तुझ्यासाठी कुठं? येडा का काय तू! त्यांना कागद लिवतोस ना? मंग हे लिही. ज्या गोष्टीला भिऊन तुमी पळालात, ती म्या अख्ख्या जत्रेपुढं बोलून टाकली. आता लपवायला कायच उरलं न्हाय. आता जर आला न्हाईत, तर ते भ्यालात म्हणून न्हाय, मला टाकलंत म्हणून, असं मी समजंन."

तुमचा पठ्ठा,
गुरुलिंग